शनिवारचा उंचवटा

कुंभोजकर सरांनी पडद्यावर आलेख लावला आणि सगळी आठवी 'ब' माझ्याकडे वळून बघायला लागली.

आलेख तसा साधाच. आडव्या बाजूला दिवसाचे चोवीस तास, उभ्या बाजूला हवेतली धूळ, आणि मधून उंटाच्या पाठीसारखी वरखाली होत गेलेली एक निळी रेघ. त्यातला सगळ्यात उंच उंचवटा पहाटे पाचवर. सरांनी काठीनं तिथं टकटक केलं.

"शाळेच्या गच्चीवर आपण जो डबा बसवलाय, त्यानं मोजलेली ही धूळ. आता सांगा, पहाटे पाचला आपल्या सावळवेढ्यात काय पेटतं?"

कुणीच उत्तर दिलं नाही, कारण उत्तर तिसऱ्या बाकावर बसलं होतं. मी केतकी भडभुंजे. शाळेमागच्या गल्लीत आमची चुरमुऱ्यांची भट्टी आहे, आणि पप्पा ती पहाटे पाचला पेटवतात.

"चुरमुरे, चुरमुरे," मागून कुणीतरी भेळवाल्याच्या सुरात म्हणालं आणि वर्ग फिसकन हसला.

आता मी दहावीत आहे. आता कुणी असं म्हटलं तर त्याला मीठ-मसाला लावून परत पाठवायची ताकद माझ्या जिभेत आलेली आहे. तेव्हा नव्हती. तेव्हा मी फक्त पडद्याकडे बघत बसले, आणि खरं सांगायचं तर लाजेपेक्षा मला त्या रेघेचंच नवल वाटत होतं. गच्चीवरच्या खोक्याला आमची भट्टी दिसते?

आलेखावर हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट मात्र नव्हती. आमच्या शेजारच्या बिरनाळे काकूंनी भट्टीच्या परवान्यावर नगरपरिषदेत हरकत घेतली होती. मंगळवारी सुनावणी होती. मुख्याधिकारी मॅडमनी शाळेला पत्र पाठवून डब्याचे आकडे मागवले होते, आणि सर हाच आलेख तिथं नेणार होते. सरांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. गावात पहिल्यांदा कुणीतरी विज्ञानशिक्षकाला काहीतरी विचारलं होतं, त्याचाच त्यांना आनंद झाला होता.

तास संपल्यावर मी टेबलापाशी गेले.

"सर, हे बरोबर आहे?"

"डबा खोटं कशाला बोलेल, केतकी?"

"डबा नाही सर. आलेख."

मला वाटलं रागावतील. त्यांनी उलट खुर्ची ओढून घेतली. "मग बघ की तूच. आकडे उघडे आहेत, प्रोग्रॅमही उघडा आहे. मुक्तस्रोत म्हणजे काय सांगितलं होतं मी?"

"फुकट."

"फुकट तर आहेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आतलं काही झाकलेलं नाही. हवेचा अभ्यास करणाऱ्या लोकांनी हा प्रोग्रॅम लिहिला आणि जगाला देऊन टाकला. ओळ न् ओळ वाचता येते. मी कुठं चुकलो असेन तर ते लपणार नाही. चूक सापडली तर मंगळवारी मी स्वतः उभा राहून सांगेन."

"आणि नाही सापडली तर?"

सर उठून फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

संध्याकाळी पप्पा भट्टीवर पोती शिवत होते. मी जाऊन समोर बसले.

"पप्पा, भट्टी नक्की किती वाजता पेटवता?"

"पाचला."

"रोज?"

"रोज म्हंजे रोज. तू जन्मलीस त्या दिवशीबी पेटवून मगच दवाखान्यात आलो. तुझी आई अजून बोलून दाखवती."

"कधी जरा उशीर? सहा, साडेसहा?"

"काय गं, बिरनाळे वहिनींनी पाठवलंय काय तुला चौकशीला?" दाभण पोत्यात खुपसून ते थांबले. "मंगळवारी तुझं सर काय दावणार हाईत ते कळलंय मला. गावभर झालंय."

"परवाना नाही मिळाला तर?"

"तर जयसिंगपूरला तुझ्या मामाच्या भट्टीवर. मालक म्हणून न्हवं, गडी म्हणून." मग मला बरं वाटावं म्हणून की काय, मूठभर गरम चुरमुरे माझ्या ओंजळीत टाकले. "खा. अजून तरी आपलेच हाईत."

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी नाझनीनला घेऊन संगणक कक्षात घुसले. नाझनीन मुल्ला माझी मैत्रीण, तिच्या भावाचं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे तिची बोटं कळफलकावर नाचायची. सरांनी प्रोग्रॅम उघडून दिला आणि ते जेवायला गेले.

"शोधायचं काय नक्की?" नाझनीननं विचारलं.

"चूक."

"तुझ्या पप्पांची की सरांची?"

"जी सापडेल ती."

"मग आधी कुणाची नको ते तरी सांग."

सरांनी प्रोग्रॅमला दिलेल्या सूचना मोजून अर्धं पानभर होत्या. इंग्रजीत होत्या, पण त्यातले शब्द शाळेतलेच: तारीख, तास, सरासरी. सरांनी सगळे दिवस एकत्र कालवून एकच रेघ काढली होती. त्या प्रोग्रॅमला एक सुंदर खोड होती. एक शब्द बदलला की तो वारांप्रमाणे सात वेगळ्या रेघा काढून द्यायचा. नाझनीननं शब्द बदलला.

सात चौकटी उघडल्या. सोमवार ते शुक्रवार, पाचवर तोच उंचवटा, सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. रविवार जवळजवळ सपाट.

"रविवारी भट्टी बंद असते ना?" नाझनीन म्हणाली. "झालं मग. गुन्हा शाबीत."

"कसली बंद? सोमवारी बाजार. रविवारी आमच्याकडे दुप्पट माल निघतो."

मग तिनं शनिवारच्या चौकटीवर बोट ठेवलं.

शनिवारचा उंचवटा अख्ख्या आठवड्यात सगळ्यात मोठा होता. पण तो पाचवर नव्हता. तो रात्री दोनवर होता.

"शनिवारी रात्री दोनला तुझे पप्पा काय करतात?"

"मला काय ठाऊक? मी झोपलेली असते."

"विचार की."

विचारलं. पप्पा जेवत होते. त्यांनी घास तसाच हातात धरला.

"शनिवारी रात्री दोनला? तवा मी घोरत असतो."

"खरं सांगा."

"मला काय इचारतीस, तुझ्या आईला इचार. तिला माहीत हाय किती घोरतो ते."

"दोनला सुरू होतं ते पाचला भट्टीवर जाईपर्यंत," आई आतून म्हणाली. पप्पा हसले नाहीत.

त्या रात्री मी अंथरुणात पडल्यापडल्या गाव आठवून बघितलं. बेकरी, पिठाची गिरणी, दूध संघ, लाकडाची वखार. शनिवारी लवकर, इतर दिवशी उशिरा आणि रविवारी बंद असं काय असतं? सगळी दुकानं चाचपली, कुणीच बसेना. आणि मला त्याची मजा वाटायला लागली, म्हणजे आमचं घर पणाला लागलेलं असताना वाटायला नको होती तेवढी.

उत्तर मला शनिवारी सकाळी मिळालं, दोन्ही हात वर केलेले असताना.

शनिवारी आमची सकाळची शाळा. साडेसातला सामुदायिक कवायत. अख्खी शाळा मैदानात, आणि त्या वर्षी क्रीडा स्पर्धांसाठी मैदानात नवा लाल मुरूम टाकलेला. हुलवान सर शिट्टी वाजवत होते, "एक-दो-तीन-चार", आणि हजारभर पाय एकदम आपटत होते. मला सटासट तीन शिंका आल्या. पुढच्या मुलीचे पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत लाल झाले होते. मी हात वर ठेवूनच मान वर केली तर मुरमाचा एक लालसर पडदा हळूहळू वर चढत होता. पहिला मजला, दुसरा मजला, गच्ची. आणि गच्चीच्या कठड्यावर आपला तो डबा.

शनिवारी लवकर. इतर दिवशी उशिरा. रविवारी बंद.

"भडभुंजे, हात खाली," हुलवान सर ओरडले. सगळ्यांचे हात केव्हाच खाली गेले होते.

"सर, मला कुंभोजकर सरांकडे जायचंय."

"पोटात दुखतंय?"

"नाही सर. धुळीत काहीतरी सापडलंय."

त्यांनी मला जाऊ दिलं. मी नाझनीनला रांगेतून ओढून काढलं.

सर प्रयोगशाळेत बीकर विसळत होते. मी एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पण बाळा, कवायत साडेसातला. उंचवटा दोनला. शाळा साडेदहाला भरते. उंचवटा पाचला. जमत नाही."

"दोन्हीकडे सारखंच जमत नाहीये सर," नाझनीन म्हणाली. "दोन आणि साडेसात, पाच आणि साडेदहा."

"साडेपाच तास," मी म्हणाले.

सरांच्या हातातल्या बीकरमधून पाणी ओतलं जात राहिलं. साडेपाच तास म्हटल्यावर आठवीतल्या कुठल्याही मुलीला जे आठवतं तेच आम्हाला आठवलं, कारण भूगोलाच्या परीक्षेत तेच गणित नुकतंच येऊन गेलं होतं. ग्रिनिचला जेव्हा पहाटेचे पाच, तेव्हा भारतात किती?

आम्ही तिघं संगणकाकडे धावलो. सूचनांच्या चौथ्या ओळीत तीन इंग्रजी अक्षरं होती: जीएमटी. डबा ग्रिनिचच्या वेळेनं आकडे लिहीत होता आणि प्रोग्रॅम तो म्हणेल तसं ऐकत होता. सरांनी ती ओळ प्रोग्रॅमबरोबर आलेल्या नमुन्यातून जशीच्या तशी उचलली होती.

"खात्री करू," सर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "डबा तापमानही मोजतो. ते काढ."

नाझनीननं काढलं. आमच्या सावळवेढ्यात म्हणे सगळ्यात कडक ऊन सकाळी साडेनऊला पडत होतं.

सरांनी त्या साडेनऊवर बोट ठेवलं. "चार महिने मी हे बघतोय. सूर्य चुकीच्या जागी आहे हे मला दिसलं नाही."

"तुम्ही सूर्य काढलाच नव्हता सर," मी म्हणाले. "नुसती धूळ काढली होती."

मी त्या तीन अक्षरांच्या जागी भारतीय वेळ घातली. रेघ सरकली. पहिला उंचवटा साडेदहावर, म्हणजे शाळा भरताना. दुसरा मधल्या सुट्टीवर. तिसरा शाळा सुटताना. आलेखानं आमचं वेळापत्रक काढलं होतं. सर बघत राहिले आणि मग असे हसले की मुख्याध्यापक डोकावून गेले. "गुन्हेगार सापडले," सर त्यांना म्हणाले. "हजारभर आहेत. आत्ता मैदानात कवायत करतायत." आणि ते समजावायला त्यांच्यामागून बाहेर गेले.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीच नसती.

सर बाहेर होते तेवढ्या वेळात नाझनीन म्हणाली, "ह्यात दोन धुळी आहेत गं. एक मोठी, एक बारीक. सरांनी मोठी काढलीय. बारीक काढू?"

"काढ."

पुन्हा एकच शब्द. पुन्हा सात चौकटी. बारीक धूळ म्हणजे मुरूम नव्हे, धूर. ती नाकात अडकत नाही, थेट छातीत उतरते. सरांनीच शिकवलं होतं. आणि ह्या रेघेला शाळेची फिकीर नव्हती. तिचा उंचवटा पहाटे पाचला होता. आता खऱ्या पाचला. सोमवारी, शनिवारी, सगळ्या वारी. रविवारी दुप्पट.

सर येतायत का ते नाझनीननं दाराकडे वळून बघितलं.

"बंद करू या हे," ती म्हणाली. "सरांनी मागितलाय का हा आलेख? कुणीच मागितला नाही."

"पेन ड्राइव्हमध्ये घे."

"कशाला?"

"घे तर."

घरी मी पप्पांना फक्त पहिलं सांगितलं. त्यांनी भट्टीवरच्या बायकांना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, तांदूळ घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला थांबवून सांगितलं. "माझ्या पोरीनं ग्रिनिचचं घड्याळ दुरुस्त केलं." दोन दिवस ते असं काही खुशीत होते की दुसरं सांगायला मला जागाच सापडली नाही. म्हणजे मी फार शोधलीही नाही.

मंगळवारी नगरपरिषदेच्या छोट्या सभागृहात मुख्याधिकारी मॅडम, सर, पप्पा, मी आणि बिरनाळे काकू. पप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सर उभे राहिले आणि शब्द दिल्याप्रमाणे म्हणाले, "मॅडम, गेल्या आठवड्यातला आलेख चुकीचा होता. चूक माझी. ती ह्या मुलीनं काढली." मग त्यांनी साडेपाच तासांची चूक समजावून नवा आलेख लावला. मुरमाचं ऐकून मॅडमना हसू आलं.

"मग ह्यात भट्टीचा काही संबंध नाही, असं लिहू?"

"ह्या आलेखात तरी नाही," सर म्हणाले. त्यांना दुसरा माहीतच नव्हता.

पप्पांनी टेबलाखाली माझा हात दाबला. मॅडमनी पेन उचललं. तेवढ्यात बिरनाळे काकू आपली कागदांची पिशवी आवरत म्हणाल्या, आणि त्या भांडत नव्हत्या, दमलेल्या होत्या, "लिहा मॅडम. माझ्या पोराला, अन्वयला, पहाटे धाप लागते ती मग शाळेच्या मुरमानंच लागत असेल. साडेपाच तास आधी."

सभागृहात कुणी हसलं नाही. माझा हात पप्पांच्या हातात होता. तो मला सोडवून घ्यावा लागला, कारण पेन ड्राइव्ह त्याच बाजूच्या खिशात होता.

"अजून एक आलेख आहे," मी म्हणाले.

सर वळले. पप्पा वळले नाहीत. ते समोर भिंतीकडे बघत राहिले, मी बोलत होते तेवढा वेळ. मी पहाटे पाचचा उंचवटा दाखवला, रविवारचा दाखवला, बारीक धूळ म्हणजे काय ते सांगितलं. मॅडमनी विचारलं, "ही भट्टी कुणाची, माहीत आहे ना तुला?"

"आमची."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. परवाना मिळाला, पण तीन महिन्यांपुरता. तेवढ्यात धुराडं उंच करायचं, जळणाला ओला भुसा वापरायचा नाही, आणि डब्याचे आकडे दर महिन्याला आणून दाखवायचे. बिरनाळे काकू जाताना माझ्यापाशी थांबल्या आणि माझी कॉलर सरळ करून गेल्या.

घरी जाताना पप्पांनी गाडी चालू केली नाही. ढकलत चालले. मी बाजूनं.

"मला आधी सांगायचं हुतंस," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर दाखवू दिलं असतं?"

"न्हाई."

आम्ही गिरणी ओलांडली. मारुतीचं देऊळ ओलांडलं. पप्पांच्या चेहऱ्यावर राग असेल म्हणून मी बघितलं, तर ते काहीतरी हिशेब मांडत असल्यासारखे दिसत होते.

"ते डबडं गच्चीवर हाय," ते म्हणाले. "भट्टी कुठं, गच्ची कुठं. मधी अख्खी गल्ली हाय."

"हो."

"तिथं जर एवढं दिसतंय..." ते थांबले. गाडी स्टँडवर लावली. "तर मग भट्टीच्या तोंडाशी किती आसंल?"

मला तो प्रश्नच सुचला नव्हता. मी बिरनाळ्यांच्या घराचा विचार केला होता, आमच्या परवान्याचा केला होता. भट्टीच्या तोंडाशी पप्पा उभे असतात, मी जन्मायच्या आधीपासून, हे मी कुठल्याच चौकटीत घातलं नव्हतं.

"ते डबडं आठ दिस मिळंल का? इचार तुझ्या सरांना."

पुढं धुराडं उंच झालं, भट्टीत पंखा बसला, भुशाला पत्र्याचं छप्पर आलं. ते सगळं नंतरचं. त्याआधीची एक दुपार मला सांगायची आहे. डबा आठ दिवस पप्पांच्या उभं राहायच्या जागेमागं खिळ्याला टांगला होता. तो उतरवला त्या दिवशी पप्पा शाळेत आले, माझ्या शाळेच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि संगणक कक्षाच्या दाराशी चपला काढायला लागले. सर म्हणाले, "राहू द्या हो," तरी काढल्याच. मग माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

मी आकडे घातले, वेळ भारतीय आहे ना ते दोनदा तपासलं आणि बारीक धुळीचा आलेख काढला. निळी रेघ खालून निघाली, पाचच्या जरा आधी उभी चढली आणि चौकटीच्या वरच्या कडेला जाऊन दिसेनाशी झाली. खूप पुढं, दुपारकडे, ती पुन्हा खाली आलेली दिसत होती. मधे नुसतं पांढरं.

"मधली रेघ कुठं गेली?" पप्पांनी विचारलं.

"वर गेलीय. मावत नाही. गच्चीच्या आकड्यांना पुरेल एवढीच उंची मी दिली होती."

"मग वाढव."

मी दुप्पट केली. रेघ तिथंही कापली गेली. मी पप्पांकडे वळून बघितलं नाही. त्यांचा श्वास मात्र माझ्या केसांना लागत होता, आणि मी पहिल्यांदाच तो ऐकत होते.

"पप्पा, आपण उद्या बघू या का उरलेलं?"

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"न्हाई," ते म्हणाले. "आजून वाढव. आज सगळी बघूनच जाऊ."